धुरांड्यावरची किटली आणि मी

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे, आणि मला आमच्या घरातल्या कॉम्प्युटरचा राग येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्याच्याविषयी चार शब्द वाकडे बोललो तर तुम्ही चकित व्हायला नको. दुसऱ्याचे बरे ज्याला बघवत नाही त्याला सुखाची झोप लागत नाही, असे म्हणतात. खरे असेल. पण माझी हकीकत ऐका आणि मग सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर तुमचा जळफळाट झाला नसता का?

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून आणि तोंडाला फडके बांधून काम करायची. कोणी नुसते शिंकले तरी बाकीचे त्याच्याकडे चोराकडे बघावे तसे बघायचे. माझ्या लेन्सच्या मागे टपालाच्या तिकिटाएवढा एक पडदा आहे, त्याला सेन्सर म्हणतात. समोरच्या वस्तूचे चित्र त्यावर उमटते. त्या पडद्यावर धुळीचा कणही बसू नये म्हणून ही सारी धडपड चालायची. एवढ्या लाडात वाढलेल्या जिवाच्या वाट्याला पुढे काय येणार होते, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

मला दुकानातून घरी आणले त्या गृहस्थांना गल्लीतले सगळे 'चष्मेवाले' म्हणतात. खाली त्यांचे चष्म्याचे दुकान आणि वर घर. दिवसभर ते लोकांच्या चष्म्याच्या काचा घासतात आणि फ्रेमीत बसवतात. स्वतःचा चष्मा मात्र कपाळावर चढवून ठेवतात आणि घरभर शोधत फिरतात. मग त्यांची बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "कपाळावर बघा, कपाळावर!"

चष्मेवाल्यांना एक नाद आहे. मोठ्या वस्तूंच्या हुबेहूब लहान प्रतिकृती करायच्या. आगीचा बंब, पाण्याची टाकी, रेल्वेची सिग्नलची केबिन, असे बरेच काही त्यांनी केले आहे. पत्र्याचे पन्हळी छप्पर ते कागदाचे करतात आणि त्यावर गंज चढवतात तोही रंगाचाच. वस्तू पूर्ण झाली की तिचा फोटो काढायचा, आणि त्यासाठीच मला आणले होते.

आमची फोटो काढण्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. खोलीच्या मधल्या टेबलावर प्रतिकृती ठेवायची. तिच्यामागे फिक्या निळ्या रंगाचा पुठ्ठा उभा करायचा, ते आमचे आकाश. ऊन बोचरे पडू नये म्हणून खिडकीला पातळ कागद चिकटवायचा. मग मला तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवून अगदी खाली आणायचे, इतके खाली की प्रतिकृतीतल्या इवल्याशा माणसांच्या डोळ्यांशी माझा डोळा जुळावा. "वरून काढलास की खेळणं दिसतं," चष्मेवाले लेकीला समजावायचे. "माणूस बंबाकडे कावळ्यासारखा वरून बघतो का? रस्त्यावर उभा राहून बघतो. तसंच बघायचं."

ते माझे सुखाचे दिवस होते. फोटो छापून दुकानात लावले की गिऱ्हाइके फसायची. "ही टाकी कुठल्या गावातली हो?" असे विचारायची. टाकी वरच्या मजल्यावरच्या टेबलावर आहे म्हटले की तोंडात बोट घालायची आणि हमखास पुढचा प्रश्न यायचा, "कॅमेरा कुठला?" चष्मेवाले मला खाली आणून दाखवायचे. मी तेव्हा फुगून दुप्पट व्हायचो.

मग लेक मोठी झाली आणि घरात कॉम्प्युटर आला.

त्याचा थाट काय सांगू! खिडकीजवळची हवेशीर जागा त्याला. अंगावर घालायला बायकोने शिवलेला फुलाफुलांचा अभ्रा. आणि मी? गोंदाच्या नळ्या आणि सुकलेले कुंचले यांच्या शेजारी, फळीवर. तेही मी सोसले असते. पण चष्मेवाल्यांच्या दुकानात काचा पुसायचे एक मऊ पिवळे फडके असते. ते दर रविवारी वर आणून ते स्वतःच्या हाताने कॉम्प्युटरचा पडदा पुसू लागले. माझ्या अंगावरून ते फडके कधी फिरले नाही. हे मात्र मला लागले.

आता माझ्या आत धूळ कशी गेली ते सांगतो. एकदा चष्मेवाले काचपेपरने एक प्रतिकृती घासत होते. टेबलावर पिठासारखा भुसा उडत होता, आणि त्या भुशातच त्यांनी माझी लेन्स काढून दुसरी बसवली. तेवढ्या वेळात एक कण आत शिरला आणि पडद्यावर ठाण मांडून बसला. एरवी तो दिसलाही नसता. पण लहान वस्तू पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत स्पष्ट यायची असेल तर माझ्या लेन्समधले उजेड आत घेणारे छिद्र अगदी बारीक करावे लागते, आणि छिद्र जितके बारीक तितका आतला कण ठसठशीत उमटतो. झाले! माझ्या प्रत्येक फोटोत, उजव्या कोपऱ्यात वरच्या बाजूला, एक काळपट डाग पडू लागला.

मला वाटले, आता घरात धावपळ होईल. मला उघडतील, फुंकर घालतील, काळजी करतील. कसले काय! लेक म्हणाली, "त्यात काय एवढं, बाबा? मी घालवते ना." तिने कॉम्प्युटरवर त्या डागाला टिचकी मारली आणि शेजारच्या निळ्या आकाशाने तो झाकून गेला. चष्मेवाले खूश झाले. "वा! हे बरं आहे," म्हणाले. दुखणे माझ्या पोटात आणि औषध त्याच्या तोंडात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच.

पुढे लेकीला ती टिचकी मारायचाही कंटाळा आला. डाग नेहमी एकाच जागी, तेव्हा तिने कॉम्प्युटरला एकदाच शिकवून ठेवले की फोटो उघडला रे उघडला की त्या कोपऱ्यातली तेवढी जागा आकाशाने भरून टाकायची. माझ्या फोटोत काय आहे हे न बघताच तो शहाणा आधी माझी चूक पुसायचा. त्यात भर म्हणजे दुकानात येणाऱ्यांचा प्रश्नही बदलला. आता ते विचारू लागले, "एडिटिंग कोणी केलं हो?" आणि चष्मेवाले अभिमानाने सांगू लागले, "आमच्या लेकीनं. कॉम्प्युटरवर." माझे नाव कोणी काढीना.

आता बोटीची गोष्ट ऐका. सगळे रामायण तिच्यामुळे घडले.

चष्मेवाल्यांना एक थोरला भाऊ आहे. ते त्याला 'दादा' म्हणतात आणि लेक 'मोठे काका' म्हणते. हे काका तरुणपणी नदीवरच्या फेरीबोटीचे इंजिन सांभाळायचे. पुढे नदीवर पूल झाला. पुलाचे उद्घाटन झाले त्याच दिवशी बोटीची शेवटची फेरी झाली आणि नंतर ती भंगारात गेली. उद्घाटनाच्या गर्दीत चष्मेवाले पुलावर उभे राहून टाळ्या वाजवत होते. काकांनी ते बोटीतून पाहिले. त्या रागात ते दुसऱ्या गावी राहायला गेले ते गेलेच. लेकीशी ते फोनवर बोलायचे, पण भावाशी अबोला. या घराची पायरी त्यांनी पुन्हा चढली नाही.

चष्मेवाल्यांनी इतकी वर्षे मनात धरलेले काम अखेर हाती घेतले. त्यांनी तीच फेरीबोट करायला घेतली. फोटो बघून दादाचा राग जावा आणि त्याने एकदा तरी घरी यावे, एवढीच त्यांची आशा होती. बायको म्हणाली, "सरळ जाऊन पाय धरा की. एवढी खटपट कशाला?" ते म्हणाले, "पाय धरले तर तो पाय मागे घेईल. बोट मागे नाही घ्यायचा."

ही बोट त्यांनी जीव ओतून केली. कठड्याची एकेक दांडी, इंजिनघराचे झाकण, दोराची वेटोळी, सगळे जिथल्या तिथे. आणि धुरांड्याच्या बाजूला, तारेने टांगलेली, मोहरीएवढी एक किटली. या किटलीची गंमत अशी की ती बोटीच्या कुठल्याही जुन्या फोटोत दिसत नाही. काका धुरांड्याच्या उष्णतेवर चहाचे पाणी तापवायचे. ते नियमात बसत नव्हते. म्हणून तपासणीला साहेब येणार असले, किंवा कोणी फोटो काढणार असले, की किटली आधी लपवायची. ती फक्त बोटीवरच्या माणसांना ठाऊक होती, आणि शाळा सुटल्यावर दादाकडे चहा प्यायला पळणाऱ्या धाकट्या भावाला. बोटीत बाकी सगळे पत्रे आणि खिळे होते. त्या किटलीत दोघे भाऊ होते.

फोटोचा दिवस उजाडला. मी मन लावून काम केले. बोट उंच होती, धुरांडे चौकटीच्या वरच्या कडेपर्यंत पोचले होते आणि किटली आकाशावर छान उठून दिसत होती. फोटो कॉम्प्युटरवर गेला. चष्मेवाल्यांनी तो पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. लेकीने लगेच तो काकांच्या फोनवर पाठवला.

संध्याकाळी काकांचा फोन आला. लेकीने आवाज मोठा केला. चष्मेवाले श्वास रोखून उभे होते.

"बोट छान झाली आहे गं," काका म्हणाले. "स्वच्छ आहे अगदी. साहेबांना दाखवायला काढलेली दिसते." आणि फोन ठेवला.

चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. "साहेबांना? अगं, पण किटली..." ते तरातरा कॉम्प्युटरकडे गेले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. पडद्यावर बोट होती, धुरांडे होते, आणि धुरांड्याच्या बाजूला नुसते निळे आकाश. सकाळी त्यांना तिथे किटली दिसली होती, कारण ती तिथे आहे हे त्यांना ठाऊक होते. जे मनात असते ते माणूस पडद्यावरही बघतो.

"बाबा, तिथे तर नेहमी डाग असतो," लेक रडवेली होऊन म्हणाली. "तो आपोआप जातो. किटली बरोबर त्याच जागी आली असणार. मला किटलीचं माहीतच नव्हतं हो!"

मित्रांनो, खरे सांगू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मोठा हुशार म्हणवत होता ना! त्याला डाग आणि किटली यांतला फरक कळत नव्हता. आता त्याच्यावरचा फुलाफुलांचा अभ्रा निघणार आणि तो फळीवर येणार, अशी स्वप्ने मी बघू लागलो. तेवढ्यात लेक म्हणाली, "चूक माझीच आहे. पण मुळात डाग या कॅमेऱ्याचा आहे. हा आता म्हातारा झाला. नवा घेऊया." माझ्या उकळ्या जागच्या जागी थिजल्या.

 चष्मेवाल्यांनी माझ्यातले फोटो साठवायचे कार्ड काढून मूळ फोटो उघडायला लावला, न पुसलेला. त्यात किटली होती. माझा डाग तिच्यावर पडला होता, ती काळवंडली होती, पण होती. तारेसकट होती.  मग ते हळू आवाजात म्हणाले, "गावाचे चष्मे पुसतो मी. आणि घरातला हा डोळा इतकी वर्षं असाच ठेवला. का? तर तू पुढे पुसून देत होतीस म्हणून."

"आताच्या आता भावोजींना फोन करा आणि सांगा काय झालं ते," बायको म्हणाली. पण लगेच तिनेच जीभ चावली. "नको. तोंडानं सांगितलंत तर सारवासारव वाटेल."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान बंद ठेवले. खोलीतला पंखा बंद केला, ओल्या फडक्याने टेबल पुसले, खिडकी लावून घेतली आणि मला उघडले. आधी रबरी फुग्याने हवा मारली. कण हलेना. मग नाजूक काडीच्या टोकाला मऊ कापड गुंडाळून, औषधाचा थेंब लावून, त्यांनी पडद्यावरून एकच हात फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत. काच घासता घासता तयार झालेला तो हात होता. कारखान्यातून निघाल्यापासून इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता. कॉम्प्युटर समोरच होता. बघू दे मेल्याला, असे मी मनात म्हटले.

त्यांनी बोटीचा फोटो पुन्हा काढला. आता आकाश कोरे होते आणि किटली लख्ख. लेकीने आपोआप पुसायची ती आज्ञा आधीच काढून टाकली होती. तरी बोटीची पुढची आणि मागची टोके स्पष्ट आलेले वेगवेगळे फोटो जुळवून त्यांचा एक फोटो करायचे काम कॉम्प्युटरकडेच गेले, आणि ते त्याने चांगले केले. मला ते कबूल करणे जड जाते आहे, म्हणून एकदाच सांगतो. फोटो पाठवला. सोबत एक शब्दही लिहिला नाही.

उत्तर आले नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. चष्मेवाले काचा उलट्यासुलट्या बसवू लागले. फोन वाजला की हातातले काम टाकून धावायचे, आणि तो असायचा कोणा तिऱ्हाइताचा. बायको म्हणाली, "जेवा तरी." ते जेवायचे, पण काय जेवले ते त्यांना सांगता आले नसते.

रविवारी दुपारी आम्ही बोटीची मागची बाजू टिपत होतो. मी तिकाटण्यावर होतो. दारात कोणीतरी चपला काढल्याचा आवाज झाला. एक उंच, वाकलेले म्हातारे गृहस्थ आत आले. ते सरळ टेबलाशी गेले आणि निळा पुठ्ठा बाजूला सारून, गुडघ्यांवर हात ठेवून, बोटीच्या उंचीला वाकले. चष्मेवाले भिंतीला टेकून उभे राहिले. 

"तार पितळेची लावलीस," काका म्हणाले. "लोखंडी होती."

"लोखंडी गंजते, दादा."

"गंजायचीच. मग बदलायची." त्यांनी बोटाने किटली हलवून पाहिली. मग मान वर न करता म्हणाले, "टाळ्या वाजवत होतास तू."

 खोटे बोलायला ही वेळ चांगली होती, पण चष्मेवाल्यांनी खरे तेच सांगितले. "वाजवत होतो. मला पूल आवडला होता."

"मलाही आवडला होता," काका म्हणाले. "असला पूल मी जन्मात पाहिला नव्हता. म्हणून तर राग आला."

मित्रांनो, त्या घरात हे वाक्य माझ्याइतके कोणालाच समजले नसेल. पूल वाईट असता तर काका हसून मोकळे झाले असते. कॉम्प्युटर बिनकामाचा असता तर मीही झालो असतो. समोरचा चांगला निघाला आणि आपल्याकडे मात्र कोणी वळून बघेना, की काळीज जळते. काकांनी ते इतकी वर्षे जाळले, आणि एका सख्ख्या भावाला पोरके केले. मी निदान कोणाला पोरके केले नाही. तशी सोय माझ्याकडे नव्हती म्हणा.

"फोटो बाकी झकास आला," काका म्हणाले. "कोणी काढला?"

मी कान टवकारले.

"हिनं केलं सगळं. कॉम्प्युटरवर," चष्मेवाले लेकीकडे बोट दाखवून म्हणाले. आता काय बोलणार! कपाळमोक्ष!

बायकोने चहा झाल्याची हाक दिली. काकांनी बोट दोन्ही हातांनी उचलली आणि पलीकडच्या बैठकीवर मांडीवर घेऊन बसले. चष्मेवाले त्यांच्या शेजारी बसले, आधी थोडे अंतर ठेवून, मग जवळ. लेक कप घेऊन आली. गडबडीत मला सगळे विसरले. माझ्या लेन्सवर झाकण लावायचेही राहून गेले.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी करतो. पुढे कोणीतरी पुसून देणारा आहे म्हणून मागे डाग पडू देऊ नका. ज्याच्या आत धूळ गेली आहे त्यालाच उघडा आणि साफ करा. वस्तू असो की नाते, नुसता वरवरचा फोटो सुधारत बसू नका. आणि काम झाले की आम्हा कॅमेऱ्यांच्या लेन्सवर झाकण लावत जा, नाहीतर खोलीतली धूळ बसते.

त्या रविवारी तेवढे त्यांनी लावले नाही, ते मात्र बरे झाले. जन्मभर मी इवली इवली रंगवलेली माणसे पाहत आलो. त्या दिवशी समोर दोन खरी म्हातारी माणसे एका मोहरीएवढ्या किटलीवरून भांडत होती, आणि भांडता भांडता एकाच्या बशीतला चहा दुसरा पीत होता. माझ्या लेन्सवर धूळ बसत होती. मी बसू दिली.